दरडोई वरण

पुण्यात एकेकाळी दोन विद्वान गरिबाच्या ताटावरून भांडत होते. भांडण इंग्रजीत होतं, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर चालायचं, आणि ज्यांच्या ताटाबद्दल ते होतं त्यांच्यापर्यंत त्यातलं अक्षरही पोचण्याचं कारण नव्हतं. एका बाजूला गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर. त्यांनी नीळकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचं ते गाजलेलं पुस्तक लिहिलं आणि गरिबीची रेघ थेट कॅलरीत आखली. माणशी रोज २२५० कॅलरी पोटात जाव्यात एवढी ज्या घराची ऐपत नाही, ते घर गरीब. १९६०-६१ च्या भावानं ती ऐपत म्हणजे खेड्यात वर्षाला दरडोई १८० रुपये आणि शहरात २७०. दुसऱ्या बाजूला पां. वा. सुखात्मे. रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्राचं खातं सांभाळून ते पुण्याला परतले होते. त्यांचं म्हणणं असं, की माणसाचं शरीर रोज नेमून दिल्याइतकीच ऊर्जा खर्च करत नाही. तेच काम करणारा तोच माणूस एका आठवड्यात कमी खाऊन भागवतो, दुसऱ्या आठवड्यात जास्त खातो, आणि दोन्ही वेळा धडधाकट असतो. मग सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक जण अर्धपोटी कसा धरायचा? दांडेकरांना हे पटलं नाही. उत्तराला प्रत्युत्तर, प्रत्युत्तरावर टिपण, असं ते १९८० नंतर बरेच दिवस चाललं.

मी त्या सुमाराला पुण्यात अर्थशास्त्र शिकत होते. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचं, दोन्ही वेळा मेसला जेवायचं आणि वर्गात दरडोई कॅलरींवर टिपणं काढायची. मेसची आमटी एका मोठ्या पातेल्यात असायची. काकूंचा हात पळी वरच्या वर फिरवण्यात इतका तयार होता, की पहिल्या पंगतीला हळदीचं पाणी आणि शेवटच्या पंगतीला डाळ असा कारभार चाले. हे कळल्यावर आम्ही चार-पाच जणी मुद्दाम उशिरा जायला लागलो. उशिरा गेलं की भाजी संपलेली असायची, हा त्यातला तोटा. महिन्याचे पैसे सगळ्या मेंबरांचे सारखे, वाटीही सगळ्यांना एकेकच. वाटीत काय येणार ते मात्र तुमची पाळी कितवी यावर ठरायचं. टिपणवहीत याला रकाना नव्हता.

दांडेकर बरोबर की सुखात्मे, हे ठरवायची माझी पात्रता तेव्हाही नव्हती आणि आताही नाही. सुखात्म्यांचं एक म्हणणं मात्र मला जन्मभर उपयोगी पडलं. साठ-सत्तरच्या दशकात जगभर ‘प्रोटीनचा तुटवडा’ हा मोठा बोलबाला होता. सुखात्मे म्हणत होते की आपल्याकडच्या आहारात प्रोटीन वेगळं कमी पडतं असं फारसं नाही, मुळात पोटच पुरतं भरत नाही. ऊर्जा कमी पडली की शरीर डाळीतलं प्रोटीनही सरपणासारखं जाळून टाकतं. मग हाडामांसाला द्यायला काही उरत नाही. म्हणजे आधी भाकरी पुरेशी हवी, तर वरणाचा उपयोग. पैसे थोडे असताना काय खावं असं कुणी विचारलं तर मी इथूनच सुरुवात करते, आणि विचारणाऱ्याचा चेहरा लगेच पडतो. लोकांना काहीतरी नवं ऐकायचं असतं. अळशी, चिया, असलं काही.

आमच्या वरच्या मजल्यावर सध्या स्पर्धा परीक्षांची चार पोरं राहतात. परभणी, हिंगोलीकडची. घरून येणारे पैसे खोलीभाडं, अभ्यासिका आणि मेस यांत संपतात. आम्ही कॅलरीवर टिपणं काढायचो, ही पोरं प्रोटीनवर बोलतात. मालकानं खोलीत शेगडीला बंदी केली आहे, पण चहाच्या विजेच्या किटलीबद्दल करारात शब्द नाही. तेव्हा किटलीत एका वेळी सहा अंडी उकडतात. उकडून झाली की तीच किटली विसळून तिच्यातच चहा. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रोटीन आणि किंमत सहा-सात रुपये, हा हिशेब त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्यातल्या एकानं तीन हजारांचा पावडरीचा डबा हप्त्यानं घेतला तेव्हा मी त्याला जिन्यात गाठून सांगितलं, की बाबा, पन्नास ग्रॅम फुटाण्यांत अकरा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, शेंगदाण्यांत त्याहून थोडं जास्त, आणि तू सकाळी वडापाववर काढतोस तेवढ्याच पैशांत दोन्ही मुठी भरतात. “काकू, फुटाणे काय बैल खातात,” असं म्हणून तो हसत वर गेला. अंड्यातलं प्रोटीन फुटाण्यातल्यापेक्षा सरस असतं, हे मी त्याला सांगितलं नाही. वकिली करताना सगळंच सांगून चालत नाही.

माझं बालपण बार्शीचं. वडील एका अडतीवर दिवाणजी होते. पेठेत ज्वारीच्या आणि तुरीच्या थप्प्या लागायच्या, पण त्या दुसऱ्यांच्या. आमच्या घरी महिन्याचा किराणा वहीवर यायचा आणि पगाराच्या दिवशी वहीवर आडवी रेघ पडायची. जेवणात चार गोष्टी ठरलेल्या : ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ नाहीतर पिठलं, कच्चा कांदा आणि शेंगाची चटणी. भाजी असली तर असली. दूध चहापुरतं. चपाती पाहुण्याला.

आईची भाकरी मी अजून डोळ्यांसमोर आणू शकते, कारण ती करताना तिला कुणाशी बोललेलं चालायचं नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. म्हणून आधी आधण ठेवायचं, उकळतं पाणी पिठात घालून ते उलथन्यानं कालवायचं आणि हाताला सोसेल इतपत झालं की काठवटीत तळव्याच्या टाचेनं रगडायचं. रगडणं कमी पडलं की भाकरीला कड फुटते. पीठ आठवड्यावरचं असलं की विरी जातं, मग कितीही रगडा, थापताना ते फाटणारच. म्हणून ज्वारी थोडी थोडी दळून आणायची आणि गिरणीची खेप माझी. थापलेली भाकरी दोन्ही हातांवर उचलून तव्यात टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकता सुकता उलटायची आणि शेवटी तवा बाजूला करून विस्तवाला लावायची. तिथं ती टम्म फुगली की आईच्या चेहऱ्यावरचा ताण जाई. एवढ्या सगळ्याला एका भाकरीमागे दोन-अडीच मिनिटं लागतात आणि त्यातलं एकही मिनिट दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. हे मिनिटांचं पुढं परत येणार आहे.

मटकीचं उलटं. तिला वेळ खूप लागतो, पण माणूस लागत नाही. रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या पंच्यात घट्ट बांधून खुंटीला लावायची, दुसऱ्या दिवशी पंच्यातून मोडांची टोकं बाहेर आलेली दिसतात. मोड आले की कडधान्यातलं लोह आणि इतर क्षार अडकवून ठेवणारं फायटिक आम्ल कमी होतं, आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं. शिजवताना त्यातलं बरंचसं जातं, म्हणून मूठभर मोड कच्चेच कांद्यात कालवून खाल्ले तर उत्तम. ज्यांनी या असल्या गोष्टी प्रयोगशाळेत धसाला लावल्या त्यांत एक मराठी बाई होत्या, कमला सोहोनी. १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. मिळवून त्या परत आल्या आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, कडधान्यं, तांदळाचं पीठ अशा, गरिबांच्या घरात खरोखर येणाऱ्या पदार्थांवर काम केलं. कच्च्या कडधान्यांत प्रोटीन पचू न देणारे घटक असतात. भिजवून शिजवल्यावर त्यांचा जोर जातो. सोहोनींच्या कामात हाही विषय होता. आई त्याला एवढंच म्हणायची, की मटकी बोटचेपी शिजली पाहिजे, नाहीतर पोट धरतं.

ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, डाळी-कडधान्यांत ते भरपूर असतं. आणि डाळीत जे कमी ते धान्यात असतं. दोन्ही एका जेवणात आले की एकमेकांची उणीव भरून निघते. आमच्या शेजारी खानदेशातल्या एक वहिनी राहायच्या, त्यांनी तर हे पिठातच उरकून टाकलं होतं. ज्वारीत उडीद आणि मीठ घालून दळलेलं ते कळण्याचं पीठ, त्याची काळपट भाकरी आणि ठेचा. शेंगाच्या चटणीचं कामही असंच दुहेरी. तेल वहीवर मोजून यायचं, पण शेंगा वडिलांच्या ओळखीनं अडतीवरून स्वस्तात मिळायच्या. उखळात शेंगदाणे, लसूण आणि तिखट तेल सुटेपर्यंत कुटलं की ती चटणीही झाली आणि भाकरीवरचं तेलही झालं.

एवढं सांगितल्यावर ऐकणारे म्हणतात, बघा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. मला या वाक्याचा कंटाळा आलेला आहे. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या आसपास पेलाग्राचे रोगी अभ्यासले. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलते, हगवण लागते, आजार वाढला की डोकं भ्रमतं. हा रोग मक्यावर जगणाऱ्यांचा म्हणून जगाला माहीत होता. दख्खनच्या पठारावर तो निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांत सापडला. ज्यांच्या ताटात भाकरीबरोबर डाळ, दूध, भाजी यांतलं काहीच नव्हतं ते लोक. त्यांना काय खावं हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? बहात्तरच्या दुष्काळात तर आमच्याच घरी रेशनची लाल मिलो ज्वारी आली, तिची भाकरी गार झाली की चघळावी लागायची. खडी फोडायच्या कामावर सुकडी वाटायचे. आमच्या वर्गातली पोरं ती खिशातून आणायची आणि आम्ही दिवाणजींची मुलं ती त्यांच्याकडे मागून खायचो. गोड असायची.

तेव्हा भाकरी हे नाइलाजाचं अन्न होतं. पुढं पैसे हातात आले तसं घरोघर तिला हळूहळू रजा मिळाली, आमच्याकडेही मिळाली. मग सगळं फिरलं. ज्वारी काढायला माणसं मिळेनात. रब्बीची ज्वारी हातानं उपटावी लागते आणि ते काम कुणाला नको असतं. शेतकरी हरभऱ्याकडे, उसाकडे गेला. इकडे अन्नसुरक्षेचा कायदा २०१३ साली आला, त्यात माणशी महिना पाच किलो धान्य : तांदूळ तीन रुपये, गहू दोन, आणि भरड धान्य एक रुपया किलो. कायद्याच्या कागदावर ज्वारी-बाजरी-नाचणी सर्वांत स्वस्त. रेशनच्या दुकानात पोत्यातून बाहेर पडले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. जानेवारी २०२३ पासून तेही फुकट झाले. त्याच वर्षी भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं, त्यांना श्रीअन्न म्हणायचं ठरलं, आणि आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात ज्वारीचं पीठ काचेच्या बरणीतून कागदी पिशवीत गेलं आणि महाग झालं.

यजमानांची साखर वाढली तशी डॉक्टरांनी त्यांना ज्वारी सांगितली. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी भूम तालुक्यातल्या, म्हणजे ज्वारीच्याच मुलखातल्या. भाकरी अशी करतात की माझ्या आईनंही मान डोलावली असती. पहिल्या दिवशी करून झाल्यावर मी म्हटलं, दोन घरी घेऊन जा. त्यांनी घेतल्या आणि म्हणाल्या, “आमच्यात आता कुणी करत न्हाई, ताई. फुकटचा गहू टाकून साठ रुपयाची जवारी कोण आणंल?”

भूमच्या बाईला ज्वारी परवडत नाही आणि ती ज्वारी पुण्यातल्या मधुमेह्यांच्या ताटात येते, यावर एक छान हळहळता लेख होऊ शकतो. तो मी मनात लिहूनही पाहिला. मावशींनी त्यात काही दम ठेवला नाही. त्यांना भाकरीची हळहळ नाहीच. सकाळी साडेपाचला नळाला पाणी येतं, साडेसातला पहिलं घर, पाच घरं करून दोनला परत, पाचला पुन्हा बाहेर, आठला घरी. सात माणसांच्या भाकऱ्या म्हणजे रोज पाऊण तास तव्यापुढं उभं राहायचं. चपातीची कणीक रात्री मळून ठेवता येते, सून लाटते, पोरं डब्यात नेतात, ती दुपारपर्यंत मऊ राहते. भाकरी दुपारी डब्यात काय होते ते खाणाऱ्यालाच माहीत.

त्यांचा दुसरा हिशेब गॅसचा. आम्ही सिलिंडर संपला की दुसरा लावतो. त्यांच्याकडे तो किती दिवस पुरवायचा ते आधी ठरतं आणि मग स्वयंपाक ठरतो. कडधान्यांचे भाव त्या रुपयांत सांगत नाहीत, शिट्ट्यांत सांगतात. छोले भिजवूनही सहा-सात. राजमा, नाव नको. हरभऱ्याची डाळ चार. तूर तीन. मूग दोन. मोड आलेली मटकी कुकर न लावता, झाकण ठेवून. तक्त्यात प्रोटीन सगळ्यांत वीस ते पंचवीस टक्क्यांच्या घरात, उन्नीस-बीस. फरक आहे तो शिट्ट्यांचा. स्वस्त आहाराच्या सगळ्या सल्ल्यांत, माझ्यासुद्धा, दाण्याची किंमत धरलेली असते आणि तो दाणा घशाखाली उतरेपर्यंत जळणारा गॅस आणि उभी राहणारी बाई फुकट धरलेली असते.

पालेभाजीचंही तेच. मंडईत संध्याकाळी उशिरा गेलं की तांदुळजाची, चाकवताची जुडी निम्म्या भावात मिळते, फ्लॉवरचा पाला तर गाईसाठी म्हणून नुसता पडलेला असतो. कॅल्शियम आणि लोह त्या पाल्यात त्याच्या पांढऱ्या गड्ड्याहून कितीतरी जास्त. मुळ्याचा पाला, नवलकोलाचा पाला, आमच्या सोसायटीतला शेवगा. शेंगा विकत घेणारे लोक पानं झाडून टाकतात. मावशी त्या फांद्या घेऊन जातात आणि त्यांच्या घरी शेवग्याची भाजी होते, कारण त्यांच्या सासूबाई अजून आहेत. म्हातारीला दिसतं कमी, पण बोटांना काडी आणि पान कळतं. दुपारभर ओट्यावर बसून ती पानं ओरबाडते. मावशींच्या शेजारणीकडे म्हातारं माणूस नाही, तिच्या घरात पालेभाजी येत नाही. जुडी दहाला मिळाली तरी निवडणार कोण? त्या घरात पोरांच्या हातात पाच रुपयांचा पुडा असतो. तो निवडावा लागत नाही, शिजवावा लागत नाही, भांडं पडत नाही. पोरगं गप्प बसतं. आपण त्या आईला पोषणावर व्याख्यान द्यायचं म्हणजे तिला तिच्या दिवसातला एक तास कुठून आणायचा तेही सांगावं लागेल.

आणि रोख पैशांचं. आमच्याकडे आता पुन्हा वर्षाची ज्वारी भरतात. होळीच्या आगेमागे भाचा बार्शीहून दोन कट्टे पाठवतो, ऐन हंगामातला भाव किलोमागे बराच उतरलेला असतो. ऊन देऊन, कडुलिंबाचा पाला घालून ती कोठीत जाते. याला आमच्यात काटकसर म्हणतात. या काटकसरीला एकरकमी काही हजार रुपये, कोरडी कोठी आणि बार्शीचा भाचा लागतो. मावशी तेल छोट्या पिशवीतून आणतात, चहा पावडर पुडीतून आणतात, डाळ पावशेरानं आणतात, आणि प्रत्येक वेळी किलोला आमच्यापेक्षा जास्त मोजतात.

त्यांचे यजमान मार्केट यार्डात हमाली करतात. दुपारी बहुतेक ‘कष्टाची भाकर’मध्ये जेवतात. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं सत्तरच्या दशकात हे केंद्र काढलं, ना नफा ना तोटा. झुणका-भाकरी, रस्सा, ओझं वाहणाऱ्याला पुरेल एवढं जेवण. सरकारच्या शिवभोजन थाळीचं मात्र माप ठरलेलं आहे. २६ जानेवारी २०२० ला ती सुरू झाली : तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात, दहा रुपयांत. खरा खर्च शहरात पन्नास रुपये धरलेला, वरचे चाळीस सरकारचे. दवाखान्याबाहेर, एसटी स्टँडवर ती थाळी मोठा आधार आहे यात शंका नाही. पण तिची बेरीज पाचशे कॅलरींच्या आसपास जाते. पोतं उचलणारा माणूस ती खाऊन उठतो आणि केळी कुठं मिळतात ते बघतो.

म्हणजे यजमानांचं दुपारचं भागलं. घरात उरलेल्यांपैकी मावशींना काळजी सुनेची. तिला सातवा महिना लागला होता. महापालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत रक्त कमी असलेल्या ५४ टक्के आहेत, त्याच वयाच्या पुरुषांत २२ टक्के. बायकांच्या रक्ताला बाहेर जायच्या वाटा जास्त, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण पातेल्यात आहे. बायका आणि पुरुष एकाच चुलीवरचं खातात. दांडेकरांची रेघ घराच्या खर्चाला माणसांनी भागून निघाली होती. भागाकारात सासरा, दीर आणि सून यांच्या वाट्याला सारखंच वरण येतं. घरात ते पळीनं येतं. पहिल्यांदा पोरं आणि पुरुष, मग म्हातारी, मग मावशी, शेवटी सून, आणि मेसच्या पातेल्यात शेवटी निदान डाळ उरायची, इथं उरतं ते भातावर घालायला फोडणीचं पाणी.

मावशींनी यावर काय केलं ते मी त्यांच्या तोंडून तुकड्यातुकड्यानं ऐकलं. सुनेचं वरण आधीच झाकणाच्या डब्यात काढून फडताळात ठेवायला लागल्या. दोन दिवसांनी धाकट्या मुलानं तो डबा शोधून संपवला. मग डबा सासूबाईंच्या खाटेखाली गेला. लोहाची गोळी सून जेवणानंतर चहाबरोबर घेत होती, कारण गोळीची चव जायला चहा बरा. मी सांगितलं, चहानं लोह अंगी लागत नाही, गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घे आणि चहा दोन तास लांब ठेव. लिंबाचं जमलं. चहावरून त्या घरात जे झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. सासू-सुनांमध्ये बाहेरच्या बाईचा सल्ला गेला की व्हायचं तेच झालं. पंधरा दिवस मावशी माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या.

यंदा होळीला ज्वारी आली तेव्हा मी ठरवूनच होते. म्हटलं, मावशी, एक कट्टा तुम्ही न्या. पैशांचं काही नाही, दिवाळीची भेट आताच धरा. आपल्याकडचीच ज्वारी आहे, घरात भाकरी सुरू होईल, सुनेलाही बरं. मला वाटलं त्या खूश होतील. त्यांनी कट्ट्याला हात लावून दाणा बघितला, दोन दाणे दाताखाली फोडले, चांगली आहे म्हणाल्या. मग ओट्याशी गेल्या, कणीक मळायला घेतली आणि पाठमोऱ्याच बोलल्या.

“ताई, राग नका मानू. जवारी तुम्हीच खावा. तेवढ्याची मला डाळ द्या.”

मी म्हटलं, बरं, तूरडाळ आणते.

“तूर नको. तूर आणली की सगळ्यांना आमटी लागती. मसूर आणा, ती बी अख्खी न्हाई, डाळ. आमच्यातल्या पुरुषांना मसूर आवडत न्हाई.”

मसुरीची डाळ तुरीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. कुकर लागत नाही, वाटीभर डाळ छोट्या पातेल्यात पंधरा मिनिटांत शिजते. दुपारी घरात कुणी नसताना सुनेला एकटीपुरती करता येते. मी मनात एवढा हिशेब जुळवेपर्यंत त्यांची कणीक मळून झाली होती. एका कट्ट्याच्या पैशांत किती किलो डाळ बसेल ते त्यांनी आधीच वाण्याकडून काढून आणलेलं होतं. माझ्या आकड्यात आणि त्यांच्या आकड्यात दोन किलोंचा फरक निघाला. त्यावर आमची बरीच घासाघीस झाली, आणि शेवटी त्यांच्या आकड्यावर आलो.